नवं धरण भरताना वीज आधी की साठा आधी? वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात धरणाचा विषय जास्त आलाय. घळभरणी झाली (म्हणजे नदीचं पात्र भिंतीनं बंद केलं), दरवाजे लावले, आणि मग तो एवढा मोठा जलाशय भरायला जी काही वर्षं लागतात त्या काळात वीज करायची की पाणी धरून ठेवायचं, आणि खालच्या लोकांचं काय, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: धरण पूर्ण भरल्याशिवाय वीज होत नाही असं आम्ही समजत होतो. मग काही ठिकाणी धरण अर्धं भरलेलं असतानाच पहिलं टर्बाइन चालू झाल्याच्या बातम्या कशा येतात?

पूर्ण भरायची गरज नसते, पण एक किमान पातळी गाठावी लागते. पाणी ज्या तोंडातून पाइपात शिरतं ते तोंड नीट बुडालेलं पाहिजे, नाहीतर वर भोवरा होतो आणि पाण्याबरोबर हवा आत ओढली जाते. शिवाय टर्बाइन एका ठराविक उंचीच्या पाण्यासाठी बनवलेलं असतं, त्यापेक्षा फार कमी उंचीवर चालवलं की थरथरतं, पात्यांवर बारीक बुडबुडे फुटून धातू खरवडला जातो आणि मग वीज थोडी आणि दुरुस्ती मोठी असं होतं.

म्हणून ज्यांना लवकर वीज हवी असते ते आधीपासून तशी सोय करतात. इथिओपियानं निळ्या नाईलवर जे मोठं धरण बांधलं (ग्रँड इथिओपियन रेनेसाँ डॅम) त्यात दोन युनिटं (म्हणजे टर्बाइन-जनित्राचे संच) मुद्दाम खालच्या पातळीवर बसवलीत. पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ६४० मीटर, पण ही दोन युनिटं ५६५ मीटरपासून चालू शकतात. जुलै २०२० मध्ये पहिल्यांदा पाणी अडवलं तेव्हा सुमारे ४.९ अब्ज घनमीटर साठलं आणि ही पातळी आली, पहिली वीज मात्र २० फेब्रुवारी २०२२ ला निघाली कारण मशिनरी तयार नव्हती. म्हणजे पाणी तयार आणि यंत्र नाही, असंही होतं, आणि अशा वेळी खाली सोडावं लागणारं सगळं पाणी वीज न करताच जातं. ताजिकिस्तानात रोगुन धरणावर तर २०१८ ला पहिलं युनिट चालू केलं ते कमी उंचीसाठी बनवलेलं टर्बाइनचं तात्पुरतं चक्र बसवून, धरण वाढलं की ते बदलायचं. त्यात खर्च वाढतो, पण देशाला हिवाळ्यात वीजच नसेल तर तो खर्च परवडतो असं त्यांनी ठरवलं.

प्रश्न: मला एक कळत नाही. वीज करताना पाणी संपत तर नाही, टर्बाइनमधून खाली नदीतच जातं. मग वीज आणि साठा यांच्यात भांडण कसलं?

फार चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

पाणी संपत नाही हे बरोबर. पण जे पाणी खाली गेलं ते साठ्यात राहिलं नाही, आणि साठा वाढला नाही की उंची वाढत नाही, आणि वीज म्हणजे शेवटी पाणी गुणिले उंची. एक घनमीटर पाणी, म्हणजे हजार लिटर, १०० मीटरवरून पडलं आणि यंत्रं ९० टक्के कार्यक्षम असली तर साधारण पाव युनिट वीज मिळते. म्हणजे एका युनिटला चार हजार लिटर. उंची ५० मीटरच असेल तर त्याच एका युनिटला आठ हजार लिटर, आणि २५ मीटर असेल तर सोळा हजार लिटर. म्हणून धरण भरायच्या पहिल्या वर्षी वीज काढणं म्हणजे सगळ्यात महाग पाणी खर्च करून सगळ्यात कमी वीज घेणं.

आता आकडे मांडून बघू, हिशोबासाठी घेतलेले सोपे आकडे आहेत. समजा पाण्याची उंची सध्या ६० मीटर आहे, जलाशयाचा पसारा १०० चौरस किलोमीटर आहे आणि वर्षाला ३०० कोटी घनमीटर पाणी टर्बाइनमधून जातं. तुमच्याकडे १० कोटी घनमीटर जास्तीचं पाणी आहे. आजच चालवलं तर दीड कोटी युनिटच्या आसपास वीज मिळेल आणि विषय संपला. धरून ठेवलं तर पातळी एक मीटर वर जाईल, आणि मग पुढे दरवर्षी जे ३०० कोटी घनमीटर जाणार आहे त्या प्रत्येक घनमीटरला एक मीटर जास्तीची उंची मिळेल, म्हणजे वर्षाला साधारण ७३ लाख युनिट जास्त. दोन वर्षांत भरपाई, त्यानंतर निव्वळ फायदा, आणि वर ते १० कोटी घनमीटर पाणी अजून तुमच्याकडे शिल्लकच आहे, दुष्काळात कामाला येईल.

हेच गणित जलाशय वर वर भरत गेला की उलटं होतं, आणि ही गोष्ट बऱ्याच चर्चांमध्ये येतच नाही. दरी खाली अरुंद असते आणि वर पसरट. समजा उंची आता १२० मीटर झाली आणि पसारा ३०० चौरस किलोमीटर. तेच १० कोटी घनमीटर आता पातळी फक्त एक तृतीयांश मीटरनं वाढवतं, म्हणजे वर्षाला जेमतेम २४-२५ लाख युनिट जास्त, आणि आज चालवलं तर मात्र तीन कोटी युनिटच्या जवळपास मिळतात. भरपाईला बारा वर्षं! त्यात पसारा वाढला म्हणजे बाष्पीभवनही वाढलं. इजिप्तमधल्या आस्वान धरणाच्या नासर जलाशयातून वर्षाला दहा अब्ज घनमीटरच्या आसपास पाणी उन्हानं उडून जातं असा सर्वसाधारण अंदाज आहे, एवढ्या पाण्यात एक मोठं धरण भरेल.

तेव्हा माझं मत असं की भरायच्या सुरुवातीला साठ्याला झुकतं माप द्यावं, वीज फक्त तेवढ्याच पाण्यावर करावी जे खाली सोडणं भागच आहे, आणि वरच्या टप्प्यात हळूहळू विजेकडे वळावं. शेवटचे काही मीटर विजेसाठी भरायचेच नसतात खरं तर, ते दुष्काळासाठी भरायचे असतात, आणि ते ज्या वर्षी चांगला पाऊस येईल त्या वर्षी भरले तरी चालतं, त्यासाठी घाई करायचं काही कारण नाही.

अजून एक. खाली आधीच दुसरं धरण असेल तर हा हिशोब एकट्या धरणाचा राहत नाही. वर पाणी अडवलं की खालच्या जलाशयाची पातळी उतरते आणि तिथली वीजही कमी होते. वरच्यानं मिळवलेली युनिटं मोजताना खालच्यानं घालवलेली युनिटं वजा करायलाच हवीत, नाहीतर तो हिशोब खोटा.

प्रश्न: आम्ही नदीच्या खालच्या अंगाला राहतो. वर नवं धरण भरायला घेतलं की आमच्या वाट्याला किती पाणी येणार हे कोण आणि कसं ठरवतं? पाच वर्षांत भरणार, सात वर्षांत भरणार एवढंच ऐकायला मिळतं.

"इतक्या वर्षांत भरणार" हे वाक्यच मुळात चुकीच्या जागी सुरू होतं असं मला वाटतं. वर्षं मोजून भरायचं ठरवलं की पाऊस चांगला झाला तर कुणाला काही जाणवत नाही, आणि पाऊस फसला तरी तारीख गाठायची म्हणून तेवढंच पाणी अडवलं जातं आणि सगळा दुष्काळ एकट्या खालच्यांच्या डोक्यावर येतो. त्याऐवजी आवक किती झाली त्याचा ठराविक हिस्सा अडवायचा, चांगल्या वर्षी जास्त, वाईट वर्षी कमी, आणि आवक अमुक आकड्याखाली गेली तर काहीच अडवायचं नाही, असं ठरवलं तर तोटा दोघांत वाटला जातो. भरायला एखाद-दोन वर्षं जास्त लागतील, लागू देत.

निळ्या नाईलचंच बघा. जलाशय सुमारे ७४ अब्ज घनमीटरचा धरला तर (आपल्या भाषेत २६०० टीएमसीच्या वर) नदीचं सरासरी वर्षभराचं पाणी पन्नासेक अब्ज घनमीटर, आणि त्यातलं बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत येतं. म्हणजे दीड वर्षाची अख्खी नदी अडवायची होती. इथिओपिया, सुदान आणि इजिप्त यांनी मार्च २०१५ मध्ये खार्टूममध्ये तत्त्वांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यात सहकार्य करायचं, कुणाचं मोठं नुकसान करायचं नाही, भरण्याचे नियम मिळून ठरवायचे असं सगळं आहे, पण लागोपाठ दुष्काळ पडला तर नक्की किती पाणी सोडायचं हा आकडा काही ठरला नाही. नंतरच्या बोलण्यांमध्ये गाडी पुन्हा पुन्हा तिथंच अडली. सप्टेंबर २०२३ मध्ये भरण्याचा चौथा टप्पा पूर्ण झाल्याचं इथिओपियानं जाहीर केलं, ९ सप्टेंबर २०२५ ला उद्घाटन झालं, पण सगळ्यांना बांधणारा करार तोपर्यंत झालेला नव्हता.

आणि एकूण पाणी किती हा एकच मुद्दा नसतो, कुठल्या दिवशी किती हा त्याहून जवळचा मुद्दा असतो. जुलै २०२० मध्ये अडवायला सुरुवात झाली तेव्हा सुदानच्या हद्दीवरच्या मोजणीत दिवसाला ९ कोटी घनमीटरची घट दिसली असं त्यांच्या सिंचन खात्यानं सांगितलं आणि खार्टूमकडची पिण्याचं पाणी उचलणारी काही केंद्रं बंद पडली. का, तर नदीची पातळी पंपाच्या तोंडाखाली गेली! आणि गंमत नाही, त्याच वर्षी पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात सुदानमध्ये मोठा पूर आला, म्हणजे वर्षाच्या हिशोबात पाणी कमी नव्हतंच. आठवडाभर आधी कळलं असतं तर पंप खाली घेता आले असते. सुदानचं रोसेरेस धरण या नव्या धरणापासून शंभरेक किलोमीटरवर आहे आणि त्याचा जलाशय नव्याच्या मानानं अगदी छोटा, त्यामुळे वरून उद्या किती विसर्ग येणार हे आजच माहीत नसेल तर त्यांना दरवाजे कसे चालवायचे तेच कळत नाही.

याहून वाईट कोलंबियात झालं. इतुआंगो धरणावर फेब्रुवारी २०१९ मध्ये वीजगृहातून जाणारं पाणी बंद करावं लागलं, त्या वीजगृहात बोगद्याच्या अपघातानंतर नदीच वळवलेली होती, आणि सांडव्याच्या उंचीपर्यंत पाणी चढेस्तोवर खालची काउका नदी काही दिवस जवळपास आटली. उघड्या पात्रातल्या डबक्यांमधून माणसं मासे उचलून पाण्यात सोडत होती. धरणाच्या तळाशी पाणी सोडायची स्वतंत्र, केव्हाही उघडता येणारी सोय का पाहिजे याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. सांडवा उंचावर असतो, भरण्याच्या काळात तो कोरडाच, आणि टर्बाइन बंद पडलं तर नदीला दुसरी वाटच राहत नाही.

चांगलं उदाहरणही आहे. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण बांधलं तेव्हा खाली हूवर धरण आधीपासून वीज करत होतं. वरचा लेक पॉवेल भरताना खालच्या लेक मीडचं काय करायचं याचे नियम १९६२ मध्येच, म्हणजे मार्च १९६३ ला पाणी अडवायच्या आधी, लिहून ठेवले. त्यात हूवरची जी वीज बुडेल तिची भरपाई वरच्या खोऱ्याच्या निधीतून करायची हेही होतं. भांडणं तरीही झाली, १९६४ ला मीडची पातळी ठरलेल्या मर्यादेच्या खाली जाऊ द्यायचा निर्णय घ्यावा लागला म्हणजे पॉवेल वीज करण्याइतका तरी भरेल, त्यावर बरीच ओरड झाली. पण भांडायला हातात कागद होता आणि नुकसानाला किंमत होती. पॉवेल पूर्ण भरायला १९८० उजाडलं, सतरा वर्षं लागली, आणि तोपर्यंत दोन्ही वीजगृहं चालूच होती.

तेव्हा तुमच्या इथं काही ठरत असेल तर वर्षं विचारू नका. पाऊस निम्मा झाला तर किती सोडणार, सलग दोन वर्षं निम्मा झाला तर किती, रोजचा विसर्ग आम्हाला किती दिवस आधी कळवणार आणि वीज बंद असेल त्या दिवशी पाणी कुठून सोडणार, हे विचारा. आणि हे घळभरणीच्या आधी लेखी घ्या, कारण एकदा दरवाजे लागले की खालच्यांच्या हातात काही उरत नाही.

प्रश्न: एखाद्या वर्षी जबरदस्त पाऊस झाला तर एका दमात भरून टाकायला काय हरकत आहे? खालच्यांनाही त्रास नाही आणि वीजही लवकर.

पाण्याच्या हिशोबानं हरकत नाही, धरणाच्या हिशोबानं आहे. पहिलं भरणं ही धरणाची खरी परीक्षा असते, भिंतीत, पायाच्या खडकात, बाजूच्या डोंगरात पाणी पहिल्यांदा शिरत असतं, आणि त्यांना तो दाब सोसतोय का हे थांबून थांबून बघावं लागतं. म्हणून दिवसाला पातळी किती चढू द्यायची याची मर्यादा ठरवतात, मध्ये टप्पे घेतात, झिरपा मोजतात, तो गढूळ येतोय का बघतात. गढूळ आला म्हणजे आतली माती वाहून चाललीय.

अमेरिकेतल्या आयडाहोमधलं टीटन धरण, ९३ मीटर उंच मातीचं. पातळी दिवसाला एक फूट चढू द्यायची असं मूळ ठरलेलं, पण १९७६ च्या वसंतात बर्फ वितळून आवक वाढली, पाणी सोडायचं मुख्य विमोचक तयारच नव्हतं, मग मर्यादा वाढवली आणि शेवटी शेवटी तर पाणी दिवसाला तीन-चार फूट चढत होतं. ५ जूनला सकाळी भिंतीतून पाणी यायला लागलं आणि दुपारच्या आत धरण गेलं, ११ माणसं गेली. दोष पायाच्या भेगाळ खडकात आणि त्यावरच्या मातीच्या भरावात होता, वेगानं भरल्यामुळेच फुटलं असं कुणी म्हणत नाही, पण हळू भरलं असतं आणि सोडायची वाट उघडी असती तर गळती लवकर दिसून पाणी उतरवायला वेळ मिळाला असता.

इटलीतल्या वायोंटला तर धरण उभंच राहिलं, जलाशयाच्या बाजूचा डोंगर खाली आला. पाणी चढवलं की डोंगर सरकायचा वेग वाढतो हे तिथं आधीच्या भरण्यांमध्ये दिसलं होतं. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री तो आख्खा जलाशयात घसरला, लाट धरणावरून उडी मारून खालच्या गावांवर गेली, दोन हजारांच्या आसपास माणसं मेली. आणि जलाशयामुळे चाळवल्या जाणाऱ्या भूकंपांमध्ये तर कोयनेचं नाव जगभर घेतलं जातं, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. पातळी किती झपाट्यानं चढते आणि किती काळ उंच राहते याचा तिथल्या धक्क्यांशी संबंध अभ्यासकांनी पुष्कळ तपासलाय.

म्हणून जबरदस्त पाऊस आला तरी धरणाला सोसेल तेवढंच अडवायचं आणि बाकी सोडून द्यायचं. ते पाणी वाया गेलं असं वाटतं, पण गेलं नाही.

प्रश्न: बुडीत क्षेत्रातली झाडं भरण्याआधी तोडावीत का? की राहू द्यावीत?

शक्य तेवढी काढावीत, निदान वीजगृहाच्या तोंडाजवळची आणि उथळ भागातली तरी. पाण्याखाली झाडं कुजतात, तळाचं पाणी प्राणवायूशिवाय राहतं, मिथेन आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरिनाममध्ये ब्रोकोपोंडो जलाशयात १९६४ ला सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर जंगल तसंच बुडवलं, तिथं धरणावरच्या कामगारांना वासामुळे मास्क घालून काम करावं लागलं आणि त्या पाण्यानं टर्बाइनचे भाग खाल्ले. म्हणजे झाडं न तोडून वाचवलेला पैसा यंत्रांवर गेला. आणि तेच तळाचं पाणी टर्बाइनमधून खाली नदीत जातं हेही लक्षात घ्या, पहिल्या काही वर्षांत माशांना ते फार बाधतं.

प्रश्न: धरण पुरासाठीही वापरायचं असेल तर पावसाळ्यात ते रिकामं ठेवावं लागेल. मग भरायचं कधी?

पावसाळ्याच्या शेवटी. चीनमधल्या थ्री गॉर्जेसचं बघा, तिथं पूर्ण पातळी १७५ मीटर आहे पण पुराच्या दिवसांत ती १४५ मीटरच्या आसपास ठेवतात, मधली जागा, २२ अब्ज घनमीटरच्या वर, पुरासाठी मोकळी. पाऊस ओसरायला लागला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चढवतात आणि हिवाळाभर त्या उंचीवर वीज काढत पातळी उतरवत आणतात. पहिल्यांदा भरतानाही त्यांनी टप्पेच घेतले: २००३ ला १३५ मीटर आणि लगेच पहिली वीज, २००६ ला १५६, आणि १७५ ला पोचले ते २६ ऑक्टोबर २०१० ला. पहिली वीज आणि पूर्ण साठा यांच्यात सात वर्षं.

यात धोका एवढाच की परतीचा पाऊस लवकर गेला तर जलाशय अर्धवट राहतो, आणि त्या भीतीनं चालवणारे लोक आधीच भरायला घेतात, आणि मग उशिरा पूर आला तर जागा नाही. यावर उपाय म्हणजे पावसाचा अंदाज, वरच्या खोऱ्यातली नदीची रोजची मोजणी आणि तारखेनुसार पातळी किती असावी याचा ठरलेला तक्ता. आपल्याकडेही धरणांना असे तक्ते असतात. नव्या धरणाला मात्र भरण्याच्या वर्षांसाठी वेगळा तक्ता लागतो, दर वर्षाचा वेगळा, कारण पहिल्या वर्षी सांडव्यापर्यंत पाणीच नसतं आणि पूर आला तर तो फक्त विमोचकातून आणि जी एक-दोन टर्बाइन चालू असतील त्यांच्यातूनच काढावा लागतो. तो तक्ता बनवताना वीजवाले, सिंचनवाले आणि पूरनियंत्रणवाले एका टेबलावर असावेत, आणि खालच्या गावांचा माणूसही.